नखाएवढ्या शिपायांची फौज

लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये वॉटर्लूच्या रणक्षेत्राची एक भव्य प्रतिकृती आहे. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३० साली हे काम अंगावर घेतले आणि ज्या ला ए सांत नामक शेतवाड्याभोवती १८ जून १८१५ रोजी घनघोर रण माजले होते त्याच वाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून भोवतालच्या भूमीची मोजणी केली. लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून, संध्याकाळी सातच्या सुमारास आपली पलटण नेमकी कोठे उभी होती आणि तिच्या पायाखालच्या शेतात कोणते पीक होते, इतका बारीक तपशील त्याने मागविला. आणि अखेर १८३८ मध्ये पिकॅडिलीतील इजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती लोकांपुढे मांडली गेली तेव्हा तिच्यावर कथील-शिशाचे ७०,००० हून अधिक शिपाई उभे होते. त्यांतील एकेकाची उंची साधारण १० मिलिमीटर. पाहणाऱ्यास त्यांपैकी एकाचाही चेहरा ओळखता येत नाही. दिसतात त्या रांगा, पायदळाचे चौक, तोफांची फळी, घोडदळाचा लोंढा, आणि या सर्वांना परस्परांपासून वेगळे करणारे रंग. सैन्य हे सैन्य म्हणून डोळ्यांपुढे उभे करावयाचे तर शिपाई लहान असावे लागतात आणि पुष्कळ असावे लागतात, ही गोष्ट सायबोर्नने ज्या विशाल प्रमाणावर सिद्ध केली तिला तोड सहसा सापडावयाची नाही.

त्याच मार्गाने आज अनेक हौशी माणसे आपापल्या घरच्या मेजावर चालत आहेत, परंतु त्यांच्या फौजा काचेआड स्थिर उभ्या राहत नाहीत. त्या हलतात, हल्ला करतात, पिछेहाट करतात; फूटपट्टीने कूच मोजले जाते, फाशांनी गोळीबाराचा निकाल लागतो आणि नियमांच्या पुस्तकाचा शब्द उभय पक्षांवर बंधनकारक असतो. या युद्धखेळाचे मूळ गंभीर आहे. प्रशियातील बॅरन फॉन राइसवित्स याने १८१२ मध्ये आपल्या राजापुढे लढाईचा एक खेळ मांडला, त्याच्या पुत्राने १८२४ मध्ये त्यास नकाशे व नियमावली यांची जोड देऊन तो प्रशियन सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग करून सोडला, आणि पुढे जवळजवळ एका शतकाने, १९१३ साली, कादंबरीकार एच. जी. वेल्स याने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तोच विषय खेळण्यातल्या शिपायांसह सामान्य घरांत नेला. डोनल्ड फेदरस्टोन याच्या १९६२ मधील ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानंतर या छंदास आजचे रूप येऊ लागले.

या छंदात इतिहासाचे सर्व कालखंड येतात. तथापि नेपोलियनच्या युद्धांची मोहिनी काही निराळीच आहे, आणि तिचे कारण रंगांत दडलेले आहे. काळ्या दारूच्या धुराने रणांगण पाहता पाहता झाकून जात असे. त्या धुरातून आपले कोण आणि परके कोण हे सेनापतीस कळावयाचे ते निशाणांवरून, टोप्यांच्या आकारावरून आणि अंगरख्यांच्या रंगांवरून. त्यातच प्रत्येक राज्याचा, प्रत्येक रेजिमेंटचा, किंबहुना प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र अभिमान. फ्रेंच पायदळाच्या १८१२ च्या गणवेश-नियमांप्रमाणे पलटणीतील चार साध्या कंपन्यांच्या टोप्यांवरचे गोंडेसुद्धा अनुक्रमे हिरवे, आकाशी, नारिंगी व जांभळे असे वेगवेगळे ठरवून दिलेले होते. मनुष्यहत्येच्या कामावर निघालेल्या माणसांना इतक्या देखण्या पोशाखांत सजविणारे युग त्यानंतर पुन्हा आले नाही, आणि ज्याला रंगाची आवड आहे त्याचा जीव या युगात रमावा यात नवल नाही.

आता प्रश्न येतो तो आकाराचा. बाजारात सर्वाधिक खपतात त्या २८ मिलिमीटर उंचीच्या प्रतिमा; त्यांच्या अंगरख्यावरची गुंडी न् गुंडी मोजता येते आणि मिशांना पीळ देता येतो. त्याखाली १५ मिलिमीटर, १० मिलिमीटर आणि शेवटी ६ मिलिमीटर. या शेवटच्या मापात शिपाई सुटा नसतो. बहुधा चार-चार शिपाई एकाच बारीक पट्टीवर शेजारी शेजारी ओतलेले असतात, आणि अशा काही पट्ट्या ६० मिलिमीटर लांब व ३० मिलिमीटर रुंद अशा एका तळपट्टीवर रांगांनी चिकटविल्या की तिला पलटण म्हणावयाचे. फ्रेंच पलटणीत १८०८ च्या पुनर्रचनेनंतर कागदोपत्री सहा कंपन्या आणि दर कंपनीत १४० माणसे, म्हणजे एकूण ८४० माणसे असत. मोठ्या मापात चोवीस सुटे शिपाई मांडून ‘ही पलटण’ असे म्हटले तर ती डोळ्यांना एखाद्या पहाऱ्याच्या तुकडीएवढीच वाटते. तेच चोवीस शिपाई ६ मिलिमीटरमध्ये खांद्याला खांदा लावून उभे केले की त्यांत पलटणीचा घाट, तिची घनता आणि तिचे वजन उतरते. आमच्या मते लहान मापाचे सारे समर्थन एवढ्या एका गोष्टीत आहे: तेथे माणूस रंगवावयाचा नसतो, पलटण रंगवावयाची असते, आणि जो हे विसरून एकेका शिपायाच्या मागे लागतो त्याच्या हातून फौज पुरी होत नाही.

फौज पुरी होणे हा मात्र मोठाच बिकट मामला असतो. वॉटर्लूस वेलिंग्टनच्या हाताखाली सुमारे ६८,००० माणसे होती, नेपोलियनपाशी सुमारे ७२,०००, आणि दिवस मावळेपर्यंत कुमकेस येऊन पोहोचलेले प्रशियन धरले तर आणखी सुमारे ५०,०००. वीस खऱ्या शिपायांमागे एक प्रतिमा असा हिशेब धरला तरी साडेनऊ हजार प्रतिमा होतात. जुन्या पद्धतीने प्रत्येकीस आधी अस्तर, मग मूळ रंगाचा सपाट हात, मग चुण्यांत उतरणारा पातळ गडद रंग, मग उंचवट्यांवर पुन्हा मूळ रंग आणि त्यावर आणखी उजळ छटेच्या रेषा, इतके संस्कार करावयाचे म्हटले म्हणजे माणसाचे आयुष्य पुरावयाचे नाही. अर्धवट रंगविलेल्या फौजांची खोकी माळ्यावर पडून राहण्याचा इतिहास या छंदाइतकाच जुना आहे, आणि त्यात दोष हौशी माणसाच्या चिकाटीचा नसून पद्धतीचा होता, असेच म्हणावे लागेल.

अशा परिस्थितीत २०१९ साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग बाजारात आणले. ते मुळात काल्पनिक विश्वांतील मोठ्या आकाराच्या योद्ध्यांसाठी होते. ऐतिहासिक फौजा रंगविणाऱ्यांनी ते पुढे आपलेसे केले, आणि अल्पकाळातच डेन्मार्कच्या आर्मी पेंटरने ‘स्पीडपेंट’ व स्पेनच्या वालेहो कंपनीने ‘एक्सप्रेस कलर’ या नावांनी त्याच जातीचे रंग काढले. ते पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच असतात, परंतु त्यांचा स्वभाव नेहमीच्या रंगापेक्षा भिन्न असतो. नेहमीचा रंग अपारदर्शक असतो. तो जेथे लावावा तेथे बसतो आणि खालचे सर्व झाकतो. कॉन्ट्रास्ट रंग पारदर्शक असतो, त्यातील रंगद्रव्य एका दाटसर, प्रवाही माध्यमात तरंगत असते, आणि त्या माध्यमाची घडण अशी केलेली असते की पहिल्या पावसाचे पाणी जसे वरंब्यावरून ओसरून सरीत साचते तसा तो प्रतिमेच्या उंचवट्यांवरून ओसरून खोलगट भागांत साचतो. उंचवट्यावर त्याचा थर इतका पातळ राहतो की खालचे फिके अस्तर त्यातून झळकते. चुणीत, पट्ट्याच्या कडेला, काखेत तो जाड साठतो आणि तेथे आपोआप सावली पडते. एकाच हाताने रंग, छाया आणि प्रकाश अशी तिन्ही कामे साधतात ती या पारदर्शकतेच्या बळावर.

यावरून एक गोष्ट ओघानेच निष्पन्न होते, ती अशी की या पद्धतीत अस्तर हा चित्राचा अर्धा भाग असतो. अस्तर, म्हणजे प्रायमर, काळा असेल तर कॉन्ट्रास्ट रंग त्यावर दिसतच नाही. तो पांढरा, करडा किंवा हस्तिदंती असावा लागतो, आणि यांपैकी कोणता निवडावयाचा हे कोणती फौज रंगवावयाची यावर अवलंबून ठेवावे. थंड पांढऱ्या अस्तरावर निळा आणि राखाडी उत्तम उमटतात. तांबडा मात्र त्यावर गुलाबीकडे झुकतो. तोच तांबडा हस्तिदंती अस्तरावर दिला की त्याला विटकरी ऊब येते. ब्रिटिश साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या मुळापासून काढलेल्या स्वस्त तांबड्याने रंगविलेला असे व तो लवकर विटत असे, तर अधिकाऱ्याचा डगला कोचिनील किड्यापासून मिळणाऱ्या महाग, लखलखीत किरमिजी-तांबड्याचा असे. म्हणून पलटणीच्या रांगा हस्तिदंती अस्तरावर रंगवाव्यात आणि पुढे उभ्या असलेल्या एकट्या अधिकाऱ्याच्या डगल्यावर शेवटी शुद्ध तांबड्याचा एक अपारदर्शक ठिपका द्यावा. एवढ्याशा फरकाने ब्रिटिश सैन्यातील दोन सामाजिक वर्ग त्या इवल्याशा तळपट्टीवर वेगळे दिसू लागतात.

प्रत्यक्ष कामाची रीत कशी असते ते एका फ्रेंच पलटणीच्या उदाहरणाने सांगतो. पट्ट्यांच्या कडांना साच्यातून आलेली धातूची पातळ पापुद्री बारीक कानशीने घासून काढावी, साबणाच्या पाण्याने पट्ट्या धुवाव्यात आणि वाळल्यावर त्या आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर थेंबभर डिंकाने, पुढे सुटतील इतपतच, चिकटवाव्यात. दोन ओळींत बोटभर अंतर असावे, नाहीतर कुंचला मागच्या बाजूस पोहोचत नाही. मग पांढऱ्या प्रायमरचा फवारा. तो वाळला म्हणजे एक सुखद गोष्ट ध्यानात येते: या शिपायाची विजार पांढरी, छातीवरचे पट्टे पांढरे, अंगरख्याच्या छातीचे पल्ले पांढरे, अर्थात गणवेशाचा बराचसा भाग रंगवून झालेलाच आहे. आता निळा कॉन्ट्रास्ट घ्यावा. कुंचला अतिसूक्ष्म नको. पोट भरलेला आणि टोक शाबूत असलेला एक किंवा दोन नंबरचा कुंचला असावा, कारण सूक्ष्म कुंचल्यावरचा थेंब शिपायापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दाटू लागतो. कुंचल्याचे टोक बाहीला टेकविले की रंग आपण होऊन बाहीभर पसरतो व छातीवरच्या पट्ट्याची उठावाची कड आली की तेथे थबकतो. त्याला पुढे ढकलण्याची घाई न करता तो कोठवर जातो हे पाहत राहावे आणि जेथे थेंब फुगून राहील तेथे कोरड्या कुंचल्याने तो टिपून घ्यावा. सर्व बाह्या, सर्व पाठी, एका दमात एकाच रंगाने पुऱ्या कराव्यात. त्यानंतर गळपट्टी व मनगट यांवर तांबड्याचा स्पर्श, बंदुकीच्या दांड्यास तपकिरी, पाठपिशवीस पिवळसर तपकिरी, चेहरा व हात यांस त्वचेचा रंग, आणि शेवटी टोपी, जोडे व कमरेमागची काडतुसांची पेटी यांस काळा. चुकून पट्ट्यावर निळा गेला असेल तर तेथे पांढऱ्या अपारदर्शक रंगाची एक रेघ ओढली की झाले. संगिनीस मात्र धातूचा चंदेरी रंग वेगळा द्यावा लागतो, कारण धातूची चमक ही पारदर्शक रंगाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे.

येथे वाचक विचारील की गुंड्यांचे काय, डोळ्यांचे काय, पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्याचे काय? याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. ६ मिलिमीटरची प्रतिमा माणसापेक्षा सुमारे तीनशेपट लहान असते. ती मेजावर ६० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरा शिपाई १८० मीटरवरून पाहणे होय. इतक्या अंतरावरून माणसाचे डोळे कोणास दिसतात? दिसते ते टोपीखालचे फिकट वर्तुळ, अंगरख्याचा रंग, पट्ट्यांची पांढरी फुली आणि चालण्याची ढब. म्हणून जे १८० मीटरवरून दिसणार नाही ते रंगवू नये, आणि जे दिसावयास हवे ते थोडे वाढवून रंगवावे: पट्टे खऱ्यापेक्षा किंचित रुंद, गोंडे किंचित भडक, गळपट्टी किंचित उजळ. त्याच न्यायाने अंतरावरचे रंग हवेमुळे फिके होतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. रशियन पायदळाचा हिरवा इतका गडद होता की तो जसाच्या तसा इवल्या प्रतिमेवर दिला तर सगळी पलटण काळी दिसते; फ्रेंच निळ्याचीही तीच गत. येथे कॉन्ट्रास्ट रंगात त्याच जातीचे रंगहीन माध्यम मिसळून तो सौम्य करण्याची सोय फार उपयोगी पडते. साधे पाणी जास्त घातले तर रंगाचा प्रवाह बिघडून कडेला वाळलेल्या चहासारखी वलये उठतात. माध्यम घातले तर तो तितक्याच शिस्तीने वाहतो, फक्त फिकट होतो.

फ्रेंच निळ्याच्या मागे जी कथा आहे तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. तो निळा नीळ या वनस्पतीचा. फ्रान्सला नीळ पुरविणारे कॅरिबियनमधील सेंट-डोमिंग ही वसाहत क्रांती होऊन हातची गेली होती, समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा होता, आणि बंगालमधील निळीचा वाढता व्यापार ईस्ट इंडिया कंपनीच्या छत्राखाली होता. परिणामी १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळास पुन्हा जुना पांढरा अंगरखा देण्याचा हुकूम काढला आणि काही रेजिमेंटांनी तो घातलाही. पुढल्याच वर्षी हुकूम मागे घेण्यात आला, व नंतरच्या काळात वोड नावाच्या युरोपीय वनस्पतीपासून निळा रंग काढण्याच्या उद्योगास बादशहाने उत्तेजन दिले. १८०७ च्या मोहिमेतील फ्रेंच फौज रंगविणाऱ्याने निळ्या पलटणींमध्ये एखादी पांढरी पलटण उभी केली तर तो इतिहासाशी इमानाने वागला असे होते, आणि तीत बंगालच्या निळीची अनुपस्थितीही रंगविली जाते.

दुसरा धागा आपल्या मुलखातलाच. वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन हाच २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढलेला मेजर जनरल आर्थर वेलस्ली. शिंद्यांच्या कवायती पलटणी त्या दिवशी पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली होत्या. त्यांच्या तोफांनी केलेला ब्रिटिश पायदळाचा, विशेषतः ७४ व्या हायलँड रेजिमेंटचा, संहार वेलस्ली कधी विसरला नाही, आणि उत्तरायुष्यात आपल्या लढायांमध्ये असईला तो अग्रमान देत असे. काही उत्पादक मराठी फौजेच्याही प्रतिमा घडवितात. नेपोलियनकालीन युद्धखेळात असईची लढाई मांडली जाते तेव्हा एका बाजूस युरोपीय धर्तीच्या रांगा आणि त्यांच्या जोडीला पेंढारी व शिलेदार घोडेस्वारांचे नाना रंगांचे थवे असा विलक्षण देखावा मेजावर उभा राहतो. गणवेश नसलेल्या त्या स्वारांच्या पागोट्यांवर, बाराबंद्यांवर आणि शेल्यांवर कॉन्ट्रास्ट रंग जितके खुलतात तितके कवायती पायदळावरही खुलत नाहीत, असे मला वाटते. कारण कापडाच्या सैल चुण्या हेच या रंगाचे खरे माहेर.

घोड्यांच्या बाबतीत तर या रंगाने काम पुष्कळच सुगम केले आहे. हस्तिदंती अस्तरावर तांबूस तपकिरीचा एक हात दिला की स्नायूंचा उठाव आपोआप दिसू लागतो. मग आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे केले की कुमैत तयार. रेजिमेंटमधील सर्व घोडे एकाच छटेचे करू नयेत. दोन-तीन तपकिऱ्या आलटून पालटून वापराव्यात आणि मधूनच एखादा मुश्की घालावा. फ्रेंच तुतारीवाल्याचा घोडा रिवाजाप्रमाणे सब्जा असावा, आणि ब्रिटिशांची स्कॉट्स ग्रेज ही रेजिमेंट तर सब्जा घोड्यांवरूनच ओळखली जाई. त्यांच्यावर फक्त करड्याचा अगदी पातळ हात पुरतो. तोफांचे गाडे हेही राष्ट्रवार वेगळे: फ्रेंचांचे ऑलिव्ह हिरवे, ब्रिटिशांचे करडे, ऑस्ट्रियनांचे पिवळसर, प्रशियनांचे फिकट निळे. निशाणे रंगविण्याच्या भानगडीत पडू नये. कागदावर छापलेली निशाणे मिळतात, ती दांड्याभोवती दुमडून, ओली असतानाच वाऱ्यावर फडफडत असल्यासारखी वळवून घ्यावीत आणि कागदाची पांढरी कड रंगाने झाकून टाकावी.

या रंगांवर एक आक्षेप जुन्या मंडळींकडून नेहमी घेतला जातो, तो असा की यात कौशल्य उरत नाही, बाटलीच सर्व काम करते. आक्षेप घेणाऱ्यांबद्दल पूर्ण आदर बाळगूनही तो मला मान्य नाही. मोठ्या प्रतिमेवर, जेथे दर्शक जवळून पाहतो आणि अंगरख्याचे सपाट पृष्ठ मोठे असते, तेथे कॉन्ट्रास्टचा थर असमान वाळून डाग पडतात व छायेची जागा चित्रकाराच्या इच्छेऐवजी रंगाचा ओघ ठरवितो, हे खरे आहे. तेथे जुनी पद्धत श्रेष्ठ. परंतु ६ किंवा १० मिलिमीटरमध्ये सपाट पृष्ठ असे नसतेच. तेथे प्रत्येक भाग म्हणजे एक उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे, आणि हेच तर या रंगाला हवे असते. मोठ्या योद्ध्यांसाठी निर्माण झालेला हा रंग वस्तुतः सर्वांत लहान शिपायांच्या अंगावर सर्वांत शोभतो. कौशल्याचे म्हणाल तर ते कुंचल्याच्या टोकावरून निवडीकडे सरकते: अस्तर कोणते, छटा किती फिकट, काय गाळावयाचे, गणवेश कवायतीचा की मोहिमेचा. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस होता. नियमाबरहुकूम शुभ्र विजारींऐवजी चिखलाने माखलेल्या करड्या विजारी, टोप्यांवर मेणकापडाची खोळ आणि निळ्या अंगरख्यांवर घातलेले करडे, मातकट, तपकिरी असे नाना छटांचे ओव्हरकोट, हे त्या दिवशीचे फ्रेंच सैन्य. हे सर्व कळण्यासाठी पुस्तके चाळावी लागतात. रिखार्ड क्नोटेलसारख्या जर्मन चित्रकाराने आपले आयुष्य गणवेशांची चित्रे काढण्यात घालविले म्हणून आज हा अभ्यास शक्य आहे.

रंगाचे खरे दोष मात्र सांगितलेच पाहिजेत. उंचवट्यावरचा थर पातळ असल्यामुळे टोपीच्या माथ्यावरून आणि बंदुकीच्या टोकावरून तो बोटाच्या घर्षणाने सहज निघतो. काही कंपन्यांच्या आरंभीच्या रंगांत असा दोष होता की वाळलेल्या थरावर ओला कुंचला फिरविताच खालचा रंग पुन्हा विरघळून वर येई व पांढरे पट्टे निळसर होत. पुढील आवृत्त्यांत तो सुधारण्यात आला. पहिल्या दोषावर उपाय एकच, वार्निश. आधी चकाकीचे वार्निश द्यावे, कारण ते अधिक कणखर असते, आणि त्यावर चकाकी मारण्यासाठी मॅट वार्निश. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेत मॅट वार्निशचा फवारा मारला तर त्यावर पांढुरकी बुरशीसारखी छटा चढते आणि काळ्या टोप्या राखाडी होतात. तेव्हा त्या महिन्यांत कुंचल्यानेच वार्निश द्यावे.

वार्निश वाळले की पट्ट्या काडीवरून सोडवून तळपट्टीवर कायमच्या चिकटवाव्यात, मधल्या फटींत डिंक व बारीक रेती भरावी, तीवर मातीचा तपकिरी रंग आणि त्यावर कोरड्या कुंचल्याने फिकट पिवळा ओढावा व शेवटी कृत्रिम गवताचे कण पेरावेत. जमिनीचा रंग उजळ ठेवावा, कारण गडद जमिनीवर गडद अंगरखे बुडून जातात. उजळ जमिनीवर तीच पलटण दोन फुटांवरून उठून दिसते.

नव्याने आरंभ करणाऱ्यास कोणती फौज घ्यावी असे कोणी विचारले तर मी ऑस्ट्रियाची सांगेन. लाल-निळ्याची भुरळ पडलेल्यास हे रुचणार नाही, पण १८०९ च्या वाग्रामच्या रणांगणावरची ऑस्ट्रियन पलटण म्हणजे पांढरे अंगरखे, पांढऱ्या विजारी आणि रेजिमेंटच्या रंगाची गळपट्टी; अस्तरावर पातळ निळसर करड्याचा एक हात दिला की चुण्यांत सावली उतरते आणि तीन-चतुर्थांश काम संपते. उरलेल्या भागात मनगट, चेहरा, बंदूक आणि टोपी यांवर हात बसतो. हंगेरियन रेजिमेंटांच्या आकाशी विजारी हा दुसरा धडा, आणि घोडदळ तिसरा. ब्रिटिश सैन्य मात्र आरंभी घेऊ नये. त्यात दर रेजिमेंटच्या गळपट्टीचा रंग वेगळा, २८ वीचा पिवळा, ४२ वीचा निळा, ३३ वीचा तांबड्यावर तांबडाच, आणि ९५ वी रायफल्स तर सगळीच गडद हिरवी व काळी. ती जंत्री सांभाळण्याइतका हात व धीर दोन-तीन ब्रिगेडी रंगविल्यावरच येतो. पट्ट्या मागवितानाही एकदम सबंध सैन्य न मागविता एका ब्रिगेडीपुरत्या मागवाव्यात, म्हणजे चार-पाच पलटणी व एक तोफखाना. एवढ्यावर छोटीशी चकमक खेळता येते, आणि पहिल्या खेळात जे रंग मेजावरच्या दिव्यात मंद वाटतील ते दुसऱ्या ब्रिगेडीत एक छटा उजळ घेता येतात.